दादांना ‘बाहेरचं’ काही झालं नव्हतं

आजची पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात, भावकीत, गल्लीत कोणी डायलिसिसवर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बाकीच्यांनीही वाचावी. शुगर-बीपी आपल्याकडं ज्या पद्धतीनं घराघरात शिरलंय ते बघता उद्या कोणाच्या घरात ही वेळ येईल सांगता येत नाही.

गोष्ट माझ्या चुलतभावाची आहे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितोय. “लिही, पण नाव टाकू नको,” म्हणाले. डोंगरकड्यात केळी आणि हळद करणारा माणूस. पंधरा वर्षांपासून शुगर, त्यानंतर बीपी. गोळी कधी घेतली, कधी नाही. एक दिवस पायावर, तोंडावर सूज आली, दम लागला, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन अकरा. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून दोनदा अर्धापूरमार्गे नांदेड सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार.

पहिल्याच दिवशी मी एक चूक केली, ती आधी सांगतो. बाजूच्या खाटांवरच्या लोकांना चार-चार तास मशीन लावलेली आणि दादांना दोन तासांतच उठवलं. दादा म्हणाले, “योजनेतला पेशंट बघून अर्ध्यातच उठवायलेत की काय?” मला आला राग. मी जाऊन तिथल्या टेक्निशियनला आवाज चढवून विचारलं. पत्रकार आहे हेही सांगून टाकलं. पोरगा पंचविशीतला असेल. तो शांतपणे म्हणाला, “सर, पहिली पाळी मुद्दाम छोटी आणि हळू ठेवतो. एकदम साफ केलं तर डोक्याला सूज येते.”

मला वाटलं थापा मारतोय. घरी येऊन वाचलं, नंतर डॉक्टरांना विचारलं. पोरगा शंभर टक्के बरोबर होता.

किडनी बंद पडली की युरिया नावाची घाण रक्तात साठते आणि मेंदूतही साठते. मशीन रक्तातली घाण पटापट काढते, पण मेंदूतली घाण तितक्या लवकर निघत नाही. मग रक्त पातळ आणि मेंदू घट्ट अशी अवस्था होते. मनुका पाण्यात टाकली की पाणी आत ओढून कशी फुगते? तसं पाणी मेंदूत शिरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस अस्वस्थ होतो, नजर अंधुक होते. जास्त झालं तर झटके येतात, शुद्ध जाते. डॉक्टर लोक १९६२ पासून हा प्रकार ओळखून आहेत. म्हणून पहिल्या पाळ्या छोट्या ठेवतात, रक्ताचा वेग कमी ठेवतात. जे मला अर्धवट उपचार वाटले, तेच खरे उपचार होते. पुढच्या मंगळवारी त्या पोराची माफी मागितली. चहा पाजला.

आता मुख्य गोष्ट.

तीन-चार महिने बरे गेले. मग दादांच्या तळपायाची आग सुरू झाली. रात्री झोप नाही. पाय सारखे हलवावे वाटायचे, उठून अंगणात फेऱ्या मारायचे. किडनीच्या आणि शुगरच्या पेशंटमध्ये पायाच्या नसा खराब होतात, त्यातून हे होतं. नांदेडला सांगायचं सोडून दादा जवळच्या एका दवाखान्यात गेले. त्या डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. प्रिगॅबालिन, दिवसातून तीन वेळा. दादांनी डायलिसिसचं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्यात पाहुण्यात लग्न निघालं आणि शुक्रवारची पाळी चुकली. “एकाच पाळीनं काय होतंय,” असं सगळेच म्हणाले. त्यात मीही होतो.

रविवारी रात्री वहिनींचा फोन. “भाऊजी, लवकर या. हे कायबी बोलायलेत. आबांना हाका मारायलेत.”

आबांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

जाऊन बघितलं तर दादा खाटेवर बसलेले, नजर कुठंतरी भलतीकडं. हातात पेला दिला तर हात झटकन उडायचा आणि पाणी सांडायचं. उठायला गेले की दारू प्यायल्यासारखे झोकांड्या. मधेच झोपेत, मधेच बडबड. मला ओळखलं, पण नाव दुसऱ्याचंच घेतलं.

घरात म्हातारी माणसं जमली होती. कोणी म्हणालं, अमावास्येला मळ्यात एकटे गेले होते. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. कोणी अंगारा आणला. सकाळी एका जाणत्याकडं न्यायचं ठरलं. आणि मित्रांनो, इथं मला माझीच लाज वाटते. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मी त्यावर लेख लिहिला होता. कात्रण अजून फायलीत आहे. त्या रात्री मात्र ओट्यावर बसून राहिलो. चार वडीलधारी माणसं बोलायलीत, रडारड चाललीय, अशा वेळी ‘हे बंद करा’ म्हणायला तोंड उघडलं नाही. सोमवारचा अख्खा दिवस त्यात गेला.

त्याहून वाईट म्हणजे सोमवारी संध्याकाळी बैठकीत झालेलं बोलणं. “आता डोकंबी गेलं. कशाला त्या जिवाचे हाल? नांदेडचे हेलपाटे बंद करा. घरीच ठेवा, काय चार दिवस असतील ते.” आणि लगेच दुसरं: “सातबाऱ्याचं काय ते आता बघून घ्या. नंतर सहीला अर्थ राहणार नाही.” ही माणसं दुष्ट नाहीत. दादांसाठी रात्र-रात्र जागलेली माणसं आहेत. त्यांना खरंच वाटत होतं की शेवट आलाय.

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “उद्या मंगळवार हाय. पाळी हाय. मी नेणार.” लिहिणारा-वाचणारा मी गप्प होतो आणि चौथी शिकलेली बाई ठाम होती. त्या एका वाक्यावर दादा वाचले.

नांदेडला डॉक्टरांनी दादांना दोन्ही हात पुढं करायला लावले, वाहतुकीचा पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे पाखरानं पंख मारावेत तसे फडफडत होते. आधी शुगर तपासली. किडनी बंद असली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि शुगर अचानक खाली जाते, त्यातही माणूस बरळतो. ती ठीक निघाली. डोक्याचा सीटी स्कॅन केला, कारण मशीनवर रक्त गोठू नये म्हणून औषध देतात आणि अशा पेशंटच्या डोक्यात साध्या पडण्यानंही रक्तस्राव होऊ शकतो. तोही नव्हता. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पाळी चुकली का? आणि नवीन गोळी कोणती सुरू केली?

वहिनींनी पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली.

डॉक्टर म्हणाले, “ही गोळी चांगली आहे, पण ती जवळजवळ सगळी लघवीवाटे बाहेर पडते. यांना लघवीच होत नाही, मग ती जाणार कुठं? रोज तीन घेतल्या, तिन्ही अंगातच राहिल्या.” वर चुकलेल्या पाळीची घाण. दोन्ही मिळून मेंदूवर गेलं.

गोळी बंद केली, डायलिसिस केलं, दाखल करून घेतलं, दुसऱ्या दिवशी परत मशीन. गुरुवारी सकाळी दादांनी डोळे उघडले आणि वहिनींना विचारलं, “हळदीला पाणी दिलं का?”

वहिनी बाहेर व्हरांड्यात येऊन किती वेळ रडल्या. माझेही डोळे कोरडे नव्हते.

बैठकीतलं बोलणं दादांना नंतर कुठूनतरी कळलंच. गावात काय लपतंय? ते एवढंच म्हणाले, “तीन दिवसांत मला मेल्यात काढलं होतं तुम्ही.” यावर काय उत्तर द्यायचं?

म्हणून ही पोस्ट. डायलिसिसच्या पेशंटचं डोकं बिघडलं की ते ‘बाहेरचं’ नसतं, आणि बहुतेक वेळा तो शेवटही नसतो. त्याला कारण असतं. आणि पुष्कळ कारणं अशी असतात की वेळेवर सापडली तर माणूस परत येतो.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून मी जे वाचलं, विचारलं, त्यातलं कामाचं लिहितो.

पहिलं कारण, चुकलेली पाळी. एक-दोन पाळ्या चुकल्या की आधी सुस्ती, मग विसरणं, मग हात फडफडणं, मग झटके आणि बेशुद्धी. त्यात आठ-दहा दिवसांनी एकदम आणलं तर युरिया इतका चढलेला असतो की घाईनं साफ करणंही धोक्याचं, ती वर सांगितलेली मनुकेची गोष्ट. म्हणजे चुकलेली पाळी दोनदा मारते.

दुसरं, गोळ्या. प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, कंबर आखडली की देतात ती बॅक्लोफेन, नागिणीवरची असायक्लोव्हिर, सेफेपिमसारखी काही इंजेक्शनं. सगळी चांगली औषधं आहेत, पण डायलिसिसच्या पेशंटला नेहमीच्या डोसमध्ये दिली तर मेंदूवर जातात. कुठली द्यायचीच नाही आणि कुठली किती कमी द्यायची हे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आपण मनानं सुरूही करायची नाहीत, मनानं बंदही करायची नाहीत.

तिसरं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. कमरख. ते पाच धारांचं आंबट फळ, तिखट-मीठ लावून खातात ते. किडनीच्या पेशंटला ते विषासारखं आहे. त्यातलं एक द्रव्य थेट मेंदूवर जातं. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीनं होते, मग बरळणं, मग झटके. माणसं दगावलेली आहेत. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे द्रव्य शोधून काढलं. घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर हे फळ त्याच्या हाताला लागू देऊ नका.

आणि हो, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोली जड झाली, तर वाट बघायची नाही. तो लकवा असू शकतो. त्याला तासांचा हिशोब असतो.

आता पाण्याचं. पत्रकार म्हणून मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका घराच्या हातात नाही.

चार तासांच्या एका पाळीला साधारण १२० लिटर पाणी लागतं. पेशंटचं रक्त एका पातळ पडद्याच्या अलीकडून आणि हे पाणी पलीकडून जातं. आपण पितो ते पाणी पोटातून, आतड्यातून गाळून रक्तात जातं. इथं मधे काहीच नाही. पाण्यात असेल ते सरळ रक्तात.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९७२ च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेले काही पेशंट आधी अडखळत बोलतात, मग हातपाय झटकतात, मग सगळं विसरतात आणि काही महिन्यांत मरतात. १९७६ मध्ये त्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम सापडलं. ते एक तर पाण्यातून आलेलं, नाहीतर पोटात घ्यायच्या औषधांतून. इंग्लंडच्या न्यूकॅसल भागात असे पेशंट फार होते, तिथल्या पाण्यातच ते जास्त होतं. आणि पाण्यात ॲल्युमिनियम जाण्याचा मोठा रस्ता कुठला? तुरटी. गढूळ पाणी निवळायला आपल्याकडंही पुष्कळ फिल्टर प्लांटवर तुरटी वापरतात. प्यायला ते पाणी चालतं. डायलिसिसला तेच पाणी आरओ न करता वापरलं तर मेंदू खातं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत ॲल्युमिनियम चालतं. डायलिसिसच्या पाण्यात मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे वीस पट कडक. (आम्लपित्ताची काही पातळ औषधंही ॲल्युमिनियमचीच असतात. तीही विचारल्याशिवाय नको.)

१९९६ साल तर अंगावर काटा आणणारं आहे. ब्राझीलमध्ये कारुआरू नावाचं गाव. दुष्काळ. डायलिसिस सेंटरला पाणी टँकरनं यायचं आणि ते पूर्ण शुद्ध केलेलं नव्हतं. ज्या तलावाचं पाणी, त्यात हिरवं-निळं शेवाळ माजलेलं, आणि त्या शेवाळाचं विष पाण्यात. जवळपास १३० पेशंटपैकी ११६ जणांना नजर धूसर होणं, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. मग लिव्हर गेलं. वर्षअखेरपर्यंत त्या विषानं पन्नासच्या वर माणसं गेली. त्याच वर्षी कुरासाव बेटावर नवीन पाईपलाईनला आतून लावलेल्या सिमेंटमधून ॲल्युमिनियम सुटलं आणि डायलिसिसचे दहा पेशंट गेले.

दुष्काळ, टँकर, शेवाळलेला तलाव, नवीन पाईपलाईन. यातला कुठला शब्द मराठवाड्याला अनोळखी आहे?

मी घाबरवत नाहीये. आज आरओ प्लांट असतात, आणि नीट चालवले तर असे प्रकार होत नाहीत. ‘नीट चालवले तर’ हे बघणं मात्र आपलं काम आहे. फिल्टर कधी बदलला, पाणी कधी तपासलं, रिपोर्ट काय आला हे विचारायला लाज वाटायची गरज नाही. सरकारी ठिकाणी माहिती अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

आता माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत.

१. डायलिसिस जिथं जिथं चालतं तिथं पाण्याच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट तारखेसह भिंतीवर लावा, मराठीत.

२. प्रत्येक पेशंटच्या फायलीवर लाल शाईत मोठा शिक्का मारा: ‘डायलिसिसचा रुग्ण. किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवीन औषध देऊ नये.’ एका शिक्क्याला खर्च किती? दादांकडं असा शिक्का असता तर ते तीन दिवस आलेच नसते.

३. पाळीची वेळ लांबच्या पेशंटला विचारून द्या. २०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मशीनचे पैसे लागत नाहीत हे मान्य. पण शेवटची गाडी चुकेल म्हणून चार तासांच्या जागी तीन तासांत उठणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच. पाळ्या चुकतात त्या हौसेनं नाही.

४. आशाताईंना या चार-पाच खुणा शिकवा: हात फडफडणं, बरळणं, न थांबणारी उचकी, अती झोप, झटके. देवऋषाकडं जायच्या आधी घरच्यांनी आशाताईला फोन करावा एवढी ओळख त्यांची आहेच.

आणि आपल्या सगळ्यांना एक सांगणं. ‘डायलिसिसवर गेला म्हणजे संपला’ हे बोलणं बंद करा. पेशंट ऐकत असतो. हॉलंडमधल्या डॉ. विलेम कोल्फ यांच्या मशीननं १९४५ मध्ये पहिल्यांदा जीव वाचला तो ६७ वर्षांच्या एका बाईचा, आणि ती बेशुद्धीतून जागी झाली होती. हे मशीन हरवलेली शुद्ध परत आणतच जगात आलंय. आणि आपल्याकडचं उदाहरण जयप्रकाश नारायण यांचं. आणीबाणीच्या कैदेत त्यांच्या किडन्या गेल्या, नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं, आणि तिथून पुढं आयुष्यभर डायलिसिस. त्याच अवस्थेत १९७७ मध्ये त्यांनी विरोधकांना एकत्र आणलं आणि दिल्लीचं सरकार बदललं. डायलिसिसवरच्या माणसाचं डोकं काय करू शकतं याला अजून कोणता पुरावा पाहिजे?

दादा आज मंगळवार-शुक्रवार वेळेवर जातात. लग्न असो, तेरवी असो, पाळी चुकत नाही. पायाची आग आता नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेल्या मोजक्या डोसवर बरीच कमी आहे. सातबारा त्यांच्याच नावावर आहे. परवा हळदीच्या भावावरून माझ्याशी तासभर वाद घातला आणि जिंकले.

वहिनींनी ती गोळ्यांची रिकामी पट्टी अजून फेकलेली नाही. देवघराच्या कोनाड्यात ठेवलीय. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “भाऊजी, पुन्हा कोणी ‘बाहेरचं’ म्हणलं तर दाखवाया.”

तुमच्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर ही पोस्ट त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. आणि तुमच्या भागातल्या सेंटरवर पाण्याचा रिपोर्ट लावलेला आहे का, तेवढं बघून खाली लिहा. लावलेला असेल तर तेही आवर्जून लिहा. चांगलं काम करणाऱ्याचंही नाव झालं पाहिजे.